मोठ्या साहेबांची शाल

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं भारावून जावं, पण सरकारी खरेदीत नाही. मी भारावलो, आणि... थांबा, पहिल्यापासूनच सांगतो. चहा येऊ द्या तोवर.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत मी खरेदीचा कारकून. वरून फर्मान आलं, सतरंज्या, आसनं टाकाऊ मालापासून बनवलेलीच घ्या. नाशिक रोडच्या विमलताई आणि त्यांच्या वस्तीतल्या बायका शिंप्यांकडची कातरणं गोळा करून मागावर विणायच्या. बघायला गेलो आणि तोंडात बोटच घातलं! आपण केरात टाकतो त्या चिंध्यांतून मोर उतरत होता हो, मोर! मी चक्क मागाला हात जोडले.

"भाऊसाहेब, ही ऑर्डर मिळाली तर बायांना बारमाही काम," विमलताई म्हणाल्या. "नायतर माग बंद करावे लागतील."

"मिळालीच समजा!" मी कोण सांगणारा? पण सांगून बसलो.

मंजुरी द्यायला मुंबईहून मोठे साहेब आले. ताईंनी नमुन्यांचं गाठोडं सकाळीच आणून ठेवलं होतं. सत्काराला नारळ हातात घेतला, तर हेडक्लार्क कानाशी कुजबुजले, "शाल कुठाय?"

शाल! साफ विसरलो होतो! पण गाठोड्यात सगळ्यात वर काय होतं? लांबट, मऊ, काठाला झालर, लाल-हिरवी नक्षी. ताईंनी साहेबांसाठी खास शाल विणली! केवढी ही माया! घातली साहेबांच्या खांद्यावर. टाळ्यांचा कडकडाट!

वळून बघतो तर ताई पांढऱ्याफटक.

"अवो भाऊसाहेब, काय केलं हे! ते पायपुसणं हाय!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ऑर्डर गेली, बायांचे माग गेले, आणि माझी नोकरी? ती तर सगळ्यात आधी!

साहेब भाषणाला उठले. वाटलं, आता तरी काढून ठेवतील. छे! लांबलचक भाषण केलं, आणि पायपुसणं खांद्यावरून घसरलं की स्वतःच नीट करून घ्यायचे.

समारंभ आटोपल्यावर ताईंना घेऊन मी आत गेलो. "साहेब, ती शाल नव्हती..."

"ठाऊक आहे. आमच्या दारात असंच एक आहे. पाय पुसल्याशिवाय आमच्या सौ. घरात घेत नाहीत."

"मग काढलं का नाही, साहेब?"

"बाई समोर बसल्या होत्या. एवढ्या लोकांत त्यांचा माल मी अंगावरून उतरवू?"

काय माणूस हो! साहेबांनी तिथल्या तिथे ऑर्डर मंजूर केली. ताई पदरानं डोळे पुसत हसल्या.

"एकच करा," साहेब हेडक्लार्कना म्हणाले. "पायपुसणी दारातच घातली जातात ना, यावर लक्ष ठेवायला या भाऊसाहेबांना दाराशी बसवा."

बदली होईपर्यंत माझं टेबल दारात! येणारा प्रत्येक जण आधी पाय पुसायचा, मग मला नमस्कार करायचा. मोठ्या साहेबांच्या शालीचा मान माझ्याआधी!