नामदेवभाऊंच्या तळ्यातला धागा

१४ नोव्हेंबर. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन.

आकडे लिहायला घेतलेल्या वहीत माणसंच जास्त जमली. पिंपळवंडीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेजारच्या नामदेवभाऊंच्या शेततळ्यात मासे होते. तिथल्या ऑक्सिजन मीटरचा आकडा रोज पहाटे उतरवायचं काम पुण्याच्या एका संशोधक मॅडमनी माझ्यावर सोपवलं होतं. तेव्हाचे हे किस्से.

*

मॅडमनी प्लास्टिकचा बारीक धागा पाण्यात सोडला. टोकाला कसलासा लेप. मीटर धाग्यातून निळा प्रकाश पाठवतं, लेप चमकतो, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. त्यावरून आकडा. पाचाच्या वर ठीक, तीनच्या खाली धोका.

"म्हंजी हवा चांगली तर दिवा लवकर इझतो?" भाऊ म्हणाले. "उलटाच कारभार की राव!"

*

गेल्या वर्षी एका ढगाळ पहाटे ऑक्सिजन संपून सगळे मासे मेले होते. "यंदा बी गेलं तर तळं बुजवून कांदा लावायचा," असं भाऊंनी हिरावहिनींना बजावलं होतं. तळं वहिनींच्या हट्टाचं. खाद्य टाकताना त्या माशांना म्हणायच्या, "सावकाश खावा रं, कुणी पळवत न्हाई!"

*

एका पाहुण्यानं विचारलं, "ही वायर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची का?"

"व्हय पावणं," भाऊ म्हणाले. "ते वरचं ऐकत्यात, आमी खालचं!"

*

एकदा पहाटे आकडा दोनवर आला. भाऊंनी पळत जाऊन पाण्यात हवा भरणारा पंखा लावला. वर येऊन तोंड उघडणारे मासे हळूहळू खाली गेले.

वहिनींनी मीटरला हात जोडले. "डॉक्टर हाय ह्यो माझ्या लेकरांचा!"

*

खंडेनवमीला वहिनींनी विळे, कोयता, फवारणीचा पंप, सगळं पुजलं. धागाही बाहेर काढला, पुसला, टोकाला तेलात कालवलेली हळद लावली आणि परत सोडला. मी तिथंच प्रसाद खात होतो.

"त्यो बी राबतोय की आपल्यासाठी," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. वहीत लिहूनही ठेवलं.

पुढच्या तीन पहाटे आकडा ७.८. एकदाही हलला नाही. मी तोही सुवाच्य अक्षरात लिहिला.

*

चौथ्या पहाटे आभाळ भरलेलं, वारा पडलेला.

"मासे वर आल्यात," भाऊ म्हणाले. "पंखा लावू का?"

मी मीटर पाहिलं. "नको भाऊ. सात पॉइंट आठ आहे. भूक लागली असेल त्यांना."

वहिनींनी खाद्य टाकलं. कुणी खाल्लं नाही.

उजाडल्यावर मॅडमना फोन लावला. त्यांनी टोक पुसायला सांगितलं. फडकं पिवळं झालं. मी त्यांना खंडेनवमीच्या हळदीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हळदही त्या प्रकाशात चमकते, आणि लगेच विझते. मीटरला वाटलं, ऑक्सिजन भरपूर आहे."

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "काय म्हणल्या मॅडम? माझ्या हळदीनं गेलं का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "ढगांनी."

पाट्या भरून मासे काढले. मेलेले आठशे एकेचाळीस, जिवंत सहा. सोमवारी भाऊंनी तळं बुजवलं.