अर्ध्याहून कमी चौकोन

नकाशा उलगडण्याआधी काका दोन्ही तळवे शर्टाला पुसत. मग कडा दाबून धरत आणि म्हणत, "बग पोरी, कागद कोरडा हाय, जिमीन ओली." नकाशावर किती विश्वास ठेवायचा, हे सांगण्याची ती त्यांची पद्धत होती.

भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात ते भूगोलाच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. तुमच्याही कॉलेजात असं कोणी असेल, ज्याला पुष्कळ ठाऊक असतं आणि ज्याचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वर्गात शंका विचारायचीही भीती वाटे. मॅडमना विचारायचं ते मी काकांना विचारी. त्यांना येत नसेल तर ते सरळ सांगत, "मला न्हाय येत, तुलाबी न्हाय येत. झाली फिट्टंफाट."

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता: कोणत्याही दोन बेटांचं क्षेत्रफळ आणि तिथल्या जमिनीचा वापर यांची तुलना. मुलींनी लांबलांबची बेटं पुस्तकातून उचलली. मी काय घ्यावं ते न कळून प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत होते.

"आवऱ्या लांब कशाला जातंस?" काका म्हणाले. "आपल्या खाडीत दोन बेटं हायेत. एक थोरलं, एक धाकलं."

थोरल्यावर पूल झाला होता. तिथे वीटभट्ट्या होत्या, रेतीचे ढीग होते, दोन गोडाऊनही उभी राहिली होती. धाकट्यावर होडीनेच जावं लागे. तिथे काकांचं दहा गुंठे शेत होतं.

"म्हणजे काका, तुम्ही जमीनदार!"

"हां. होडी गळत न्हाय तवर जमीनदार."

धाकट्या बेटाभोवती खारं पाणी अडवायला मातीचा बांध होता. दर घराच्या वाटणीला त्या बांधाचा एक तुकडा. पावसाआधी ज्याने त्याने आपला तुकडा चिखल थापून नीट करायचा, अशी जुनी रीत. एकाने हयगय केली तर सगळ्यांची शेतं खारी होणार. पण पूर्णा गावाकडे गोडाऊनं उठत गेली तशी माणसं तिकडे कामाला लागली. मग काका रविवारी आपला तुकडा लिंपत, आणि शेजारचेही.

"माजा भाव हसतो मला," ते एकदा म्हणाले. "बोलतो, खाडीला किती दिस चिखल चारशील?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"बोललो, तिची भूक भागंल तवर."

मी हसले. ते हसले नाहीत.

क्षेत्रफळ काढायची आमची पद्धत साधी होती. नकाशावरून बेटाची कड उतरवायची, ती आलेख कागदावर ठेवायची आणि चौकोन मोजायचे. आमचा एक चौकोन पाव हेक्टरचा. अर्धा किंवा जास्त भरला असेल तर एक धरायचा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. मी पेन्सिलीने टिंब देत चालले होते. काका मागे उभे होते.

"ह्यो सोडलास?"

"अर्ध्याहून कमी आहे, काका. नियमच आहे तसा."

ते वाकून बघू लागले. बोटाने नुसती हवेतच खूण केली. "माजा शेत हाय त्यात."

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनीच विचारलं, "थोरल्याचेबी सोडलेस ना?"

"पुष्कळ."

"मंग बराबर हाय." असं म्हणाले खरे, पण माझी टोकदार पेन्सिल उगाचच टोक काढायला घेऊन गेले.

एप्रिलमध्ये मी आणि माझी मैत्रीण त्यांच्या होडीतून धाकट्या बेटावर गेलो. कडेला तिवरांची खारी झाडी, मध्ये भेगाळलेली जमीन. काकांच्या शेतात भाताचा खुंटही उरला नव्हता. गुरांनी सगळं चरून टाकलं होतं. मॅडमनी बजावलं होतं, डोळ्यांनी पाहाल तेच तक्त्यात लिहा. मी 'पडीक' असा रकाना आखला होता.

"पावसातच पिकतं हितं, एकच पीक," काका म्हणाले. "भात लिव."

"मी पाहिला नाही ना, काका. बाहेरचे परीक्षक विचारतील."

त्यांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "कालेजच्या वहीत भात लिवलेला असला तर भावाला दाखवला असता. बांदावर यायला लागला असता तो. माज्यानं एकल्यानं आता न्हाय व्हत."

मी हो म्हणून मान हलवली. घरी येऊन मात्र 'पडीक' लिहिलं. नापास व्हायची भीती सच्चेपणासारखीच दिसते, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

ती वही बांधणीला काकांनीच नेली. तक्ता त्यांनी पाहिला असणार. परीक्षकांनी माझं प्रामाणिक काम म्हणून कौतुक केलं. मी पेढा दिला तेव्हा काका म्हणाले, "आवनीला ये. चिखलात उभी ऱ्हा, मंग लिव."

"नक्की येते," मी म्हटलं.

त्या पावसाळ्यात भात लावणीच्या दिवसांत माझी बी.एड.च्या प्रवेशाची धावपळ होती. पुढच्या पावसाळ्यात शिकवण्या होत्या. जायचं मनात रोज असे, जाणं झालं नाही.

त्यानंतरच्या वर्षी श्रावणात दाखला आणायला कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत नवा शिपाई होता. "ते काका? शिमग्यातच वारले," तो म्हणाला.

मी तशीच खाडीवर गेले. होडीवाला माझ्याहून लहान वाटत होता, या खाडीवर नवाच. त्याने मला धाकट्या बेटाजवळ नेलं. बांध तीन ठिकाणी फुटला होता. आत खाडीचं पाणी चढउतार करत होतं आणि त्यात तिवराची रोपं उगवली होती.

"ताई, हितं काय बगायला आलाव?" त्याने वल्हं थांबवून विचारलं. "हितं कदी काय पिकलं न्हाय."

"भात पिकायचा."

"कोन बोललं?"

"कोणी नाही. मी पाहिलाय," मी म्हणाले. "या कोपऱ्यात. गुडघाभर उंच, हिरवागार."

तो वल्हं तसंच धरून त्या पाण्याकडे बघत राहिला.