डाव्या पायाचा ब्रेक

शुक्रवारी दुपारी मोटरसायकल तयार होती, मालक समोर उभे होते आणि मी चावी देत नव्हते.

मालक म्हणजे हसुरामभाऊ, उरणकडच्या कोळीवाड्यातले. त्यांची सगळी नोकरी बंदरात टगवर गेली. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी दणकट बोट. तिचं इंजिन ते सांभाळत. आता रिटायर झालेत. सोबत त्यांचा मुलगा नितेश होता. तो कामोठ्याला राहतो, कॉम्प्युटर कंपनीत आहे. रविवारी पहाटे हसुरामभाऊ तीन दोस्तांबरोबर कन्याकुमारीला निघणार होते. गाडी दिली नाही तर दोस्त त्यांच्याशिवाय जाणार होते. दिली तर काय होईल, ते मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

नोआम, तालिया, तुम्ही फोनवर विचारता की या वयात आजी गॅरेजमध्ये करते काय. पाने मी आता फारसे हातात घेत नाही. ते काम सलीमभाईंचं. तुमच्या आजोबांच्या वेळेपासून ते आपले फोरमन आहेत. गाडीत काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे मी ठरवते आणि गेटबाहेर जाण्याआधी प्रत्येक गाडी तपासते. माझी पहिली नोकरी एका कारखान्यात ब्रेक टेस्टिंगची होती. ती सवय सुटलेली नाही.

गाडी जुनी होती. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली. हसुरामभाऊंनी ती तरुणपणी घेतली आणि दुसऱ्या मोटरसायकलला कधी हात लावला नाही. अलीकडे मात्र ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. खाऱ्या हवेने रिम आणि स्पोक खाल्ले होते, वायरिंग हाताला चुरत होतं. नितेशने ती टेम्पोत घालून आणली तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या होत्या.

"एक, पूर्वीसारखी दिसली पाहिजे," तो म्हणाला. "आणि दोन, पप्पांनी मागे राहता कामा नये. सगळ्यांच्या गाड्या नव्या आहेत. मागच्या ट्रिपला हे ढाब्यावर पोचायचे तेव्हा बाकीच्यांचं जेवण झालेलं असायचं."

पहिलं काम म्हणजे रिस्टोरेशन. आम्ही इंजिन पूर्ण खोललं. रिबोअर केला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून किंचित मोठा कापून त्यात नवा पिस्टन बसवला. बेअरिंग, रिम, वायरिंग सगळं नवं घातलं. दुसरं काम अपग्रेडचं. पुढे डिस्क ब्रेक घातला. गुडघा दुखतो म्हणून किकबरोबर सेल्फ स्टार्ट दिला. आणि चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स बसवला. पाचव्या गिअरमुळे हायवेवर इंजिन कमी फिरतं आणि तरी गाडी पळते.

घोळ या बॉक्सने केला. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक सगळ्या मोटरसायकलींना गिअर डाव्या पायाशी असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाशी. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना हे उलट होतं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. नव्या बॉक्सचा गिअर डावीकडेच येतो. तो बसवला की ब्रेकला उजवीकडे जावं लागतं.

हे मी नितेशला सुरुवातीलाच सांगितलं होतं. "वडिलांना विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाले, तू बघ काय ते."

"ठीक. पण डिलिव्हरीच्या दिवशी गाडी ते स्वतः चालवतील, माझ्यासमोर. त्यानंतर मी ठरवीन."

हा आपल्या गॅरेजचा नियम आहे. आम्ही त्याला मालकाची फेरी म्हणतो.

तर शुक्रवारी फेरी सुरू झाली. गॅरेजच्या मागे मोकळा प्लॉट आहे, तिथे. मी हसुरामभाऊंना पाय कसे बदललेत ते समजावलं.

"मॅडम, दर्यावर जल्म गेला," ते म्हणाले. "एवढा पाय नाय शिकनार?"

आणि खरंच, पहिल्या दोन चकरा त्यांनी छान मारल्या. गिअर बरोबर पडत होते, ब्रेक बरोबर लागत होता. नितेश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तिसऱ्या चकरेला मी सलीमभाईंना मान हलवून खूण केली. त्यांनी शेडच्या आडून एक रिकामा टायर गाडीच्या वाटेत सोडला.

हसुरामभाऊंचा डावा पाय जोरात खाली गेला. तिथे आता ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडीला हिसका बसला, पण ती थांबली नाही. टायरला धडकून, डगमगत पुढे जाऊन कशीबशी उभी राहिली.

"टायर मधी कुनी टाकला?" त्यांनी ओरडून विचारलं.

"मैंने," सलीमभाई म्हणाले. "मॅडमचा हुकूम. टायर का नसीब खराब."

नितेश चिडला. "हे काय मॅडम? असं अचानक कोणाचंही होईल. पुन्हा करा."

पुन्हा केलं. या वेळी हसुरामभाऊ टायरची वाटच पाहत होते. उजव्या पायाने मस्त ब्रेक मारला.

"बघा, जमलं," नितेश म्हणाला.

"आत्ता त्यांना टायर येणार हे माहीत होतं. अजून एकदा घेऊ."

पाचव्या चकरेला ते माझ्यासमोरून जाताना मी हाक मारली, "हसुरामभाऊ, सुरमई यंदा कशी आहे हो?"

"सुरमय?" त्यांनी वेग कमी केला, तोंड माझ्याकडे वळवलं. "सुरमय हाय, पन बारीक हाय. मोटी सगली तिकडं खाली..."

टायर आला. डावा पाय पुन्हा खाली गेला. टायर पुन्हा उडाला.

हसुरामभाऊंनी इंजिन बंद केलं आणि गाडीवरच बसून राहिले.

"म्हंजे आमी म्हातारे झालो, असंच ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचा पाय कच्चा असता तर नवं चटकन शिकला असता. तो पक्का शिकलेला आहे. लक्ष असतं तेव्हा तुम्ही गाडी डोक्याने चालवता. दचकलात की पाय चालवतो, आणि पाय डोक्याला विचारत बसत नाही."

"पण पुढचा डिस्क आहे ना?" नितेश म्हणाला. "तो तर हाताने लागतो."

मी हसुरामभाऊंना विचारलं, "दोन्ही वेळेला हाताने पुढचा ब्रेक दाबलात?"

"जुन्या गाडीचा पुडचा ब्रेक नावालाच व्हता. त्याला कोन हात लावतो?"

नितेशने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "यावर उपाय काय?"

"दोन आहेत. एक, काही महिने रोज सराव. दुसरा, जुना चार गिअरचा बॉक्स परत बसवायचा. तो मी साफ करून ठेवलाय. डिस्क आणि सेल्फ राहतील. पाचवा गिअर जाईल."

"सराव करायला वेळ नाही. आणि पाचवा गिअर नसेल तर पप्पा परत मागे राहणार. त्यासाठीच तर हे सगळं केलं. शिवाय जुनं बसवलं तर मी कशी चालवू ती कधी?"

"तू तुजी घे," हसुरामभाऊ म्हणाले.

"मॅडम, गाडी आमची आहे. आम्ही अशीच नेली तर?"

"नेता येईल, मी अडवू शकत नाही. पण हसुरामभाऊंनी सांगितलं तरच चावी देईन."

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो. ते खाली उतरले, लांब पडलेला टायर उचलून आणला आणि शेडला टेकवून ठेवला.

"आमच्या रस्त्याला शाला सुटते ना," ते म्हणाले, "तवा पोरं अशीच मधी येतात. बसवा जुना."

त्यात एक अडचण होती. गिअरबॉक्स बदलायचा तर क्लच आणि चेन काढावी लागते, दिवसभराचं काम आहे. सूर्य मावळून शब्बाथ लागायला फार वेळ नव्हता आणि शनिवारी आपलं गॅरेज बंद असतं हे तुम्हाला सांगायला नको. सलीमभाई म्हणाले, "आज खोलून ठेवतो. इतवार को फिट. संध्याकाळपर्यंत गाडी रेडी."

म्हणजे रविवारची पहाट हुकणार होती. हसुरामभाऊंनी तिथूनच दोस्तांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण त्यांचं उत्तर ऐकलं. "मंग जावा पुडं. मी काय रस्ता इसरलोय?"

रविवारी दुपारी गाडी झाली. पुन्हा मालकाची फेरी घेतली. सलीमभाईंनी सहा-सात वेळा टायर सोडला. सांगून, न सांगता, मध्येच सुरमईची चौकशी करून. प्रत्येक वेळी डावा पाय खाली गेला आणि गाडी जागेवर उभी राहिली. पुढच्या ब्रेकवर दोन बोटं ठेवायची सवयही मी त्यांच्याकडून घोटून घेतली. मग चावी दिली.

सोमवारी ते एकटेच निघाले. दोस्त त्यांना गोव्यात भेटले. तिथून पुढे कन्याकुमारीपर्यंत आणि परत, ते रोज सगळ्यात शेवटी पोचले. नितेशने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात थोडी तक्रार होती.

परत आल्यावर हसुरामभाऊ ऑइल बदलायला आले. मी विचारलं, "प्रवासात काय झालं?"

"कुटं काय?" ते म्हणाले. "कायच नाय झालं."

ब्रेकच्या कामाला याहून मोठी शाबासकी कधी मिळत नाही. तीसुद्धा मागून घ्यावी लागते.