खालून आलेला उजेड

त्या दुष्काळात लग्नं पुढं ढकलली गेली आणि माझा नेकनूरचा फोटो स्टुडिओ ओस पडला. दिवसदिवस बोलायला माणूस नसायचं. एकटेपणानं जीव आंबून गेला होता. तेवढ्यात एका फोटोस्पर्धेचा विषय वाचला, 'भय', आणि मला चेव चढला.

जवळच्या वस्तीवर एक म्हातारा तेवढा उरला होता. बाकी सगळे ऊसतोडीला गेलेले. जाताना घराघराच्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवून जायची रीत होती. सहकारी दूध संस्थेची किल्लीही त्याच्याच करगोट्याला. जनावरं चारा छावणीत, संस्थेत दूध येणार कुठून?

भर दुपारी मी संस्थेची खिडकी पोत्यानं झाकली. मागे रिकामे कॅन रचले, पुढे म्हाताऱ्याला बसवलं आणि त्याच्या पायाशी बॅटरी ठेवून उजेड खालून वर सोडला. नाकाची सावली कपाळावर चढली, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. माझ्याच अंगावर काटा आला. मी जाम खूश!

"येक साधा फोटू बी काढ माझा," म्हातारा म्हणाला. "कारखान्यावर धाडतो. नात लई ल्हान हाय, माझं तोंड इसरंल."

"काढतो की," म्हणालो, आणि भुताच्या नादात अख्खा रोल संपवला. पुन्हा जायचा कंटाळा केला. त्यातल्या त्यात बरा दिसणारा एक फोटो पाकिटात घालून ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या हाती कारखान्यावर पाठवून दिला. चेहरा त्याचाच आहे ना, अशी मनाची समजूत घातली. त्याची मला आजही लाज वाटते.

हंगाम संपून ट्रक आला तेव्हा मी वस्तीवरच होतो, स्पर्धेत नंबर आल्याचं सांगायला गेलेलो. म्हाताऱ्यानं हात पसरले. पोरगी किंचाळून आईच्या पदरात शिरली.

सून ओशाळली. "फोटू दावला तवापासून अशीच भेतीय, मामा. मी रोज म्हनायचे, ह्यो तुजा आज्या."

म्हातारा छपराखालून उठला, अंगणात गेला आणि टोपी काढून उन्हाकडे तोंड करून बसला.

"मामा, ऊन लई हाय. सावलीत या."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हितं उजेड चांगला हाय. नीट दिसू दे तिला."

पोरगी पदराआडून बाहेर आली नाही.