बिनलॉकचा चाकू

लॉकवाल्या चाकूची जगदेवला चीड होती आणि तसा चाकू बाळगणाऱ्यांची कीव. आसेगावच्या शिवारात गोविंदसिंगच्या नर्सरीत तो चाळीस वर्षं संत्र्याचे डोळे बांधत होता. जंबेरी लिंबाच्या खुंटाला एक आडवी चीर, एक उभी, साल उचलायची, आत संत्र्याचा डोळा सरकवायचा, वरून डोळा तेवढा उघडा ठेवून प्लास्टिकची पट्टी. शंभरातले पंच्याण्णव डोळे फुटायचे. एवढ्या सगळ्याला त्याला एकच घडीचा चाकू पुरला होता, साधा, लॉक नसलेला.

"पातं उघडं राहाले ज्याले खटका लागते," तो म्हणायचा, "त्यानं चमच्यानंच कापावं."

गोविंदसिंगची मुलगी वैभवी कृषीची पदवी घेऊन घरी आली, ती अठराशे रुपयांचा लॉकवाला चाकू घेऊन. ऑनलाइन मागवलेला, आणि त्याला मऊ पिशवी.

"चाकूले बी गादी लागते काय वो?" जगदेवनं सगळ्यांदेखत विचारलं.

त्या साली खुंटांच्या साठ ओळींपैकी वीस ओळी गोविंदसिंगनं वैभवीला दिल्या. जगदेव हसला. आणि सोमवारी सकाळी, घासून घासून काडीएवढं झालेलं त्याचं पातं मोडलं. डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या संत्र्याच्या काड्या, ओल्या पोत्यात येऊन पडल्या होत्या, दोन दिवसांत लागल्या नाहीत तर सुकणार होत्या. वैभवीनं आपला चाकू पुढं केला. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"उद्या सकाळी कलमाले बसा," गोविंदसिंग म्हणाला, "नाहीतर तुमच्या चाळीस ओळी बी पोरीलेच देतो."

जगदेवनं वाशीमची बस धरली. पाटणी चौकामागच्या गल्लीत अन्सार धार लावून द्यायचा आणि चाकू विकायचा. त्यानं खोकंच पुढं ओढलं.

"हा घ्या चाचा. लॉक हाय, मजबूत. साडेचारशे."

"अन् बंद कराले दोन हात लागतेत. माह्या दुसऱ्या हातात डोया असते. तो काय तोंडात धरू?"

हे खरंच होतं. अन्सारनं तो परत खोक्यात टाकला. त्यानं दुसरा दिला. त्यात कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायचं होतं.

"याच्यात चाकू कोनता? का नुसती वरातच हाय?"

तिसऱ्याचं पातं डुगडुगत होतं. "म्हाताऱ्याचा दात हाय हा. ठेव तुह्याजवळ."

चौथा लाकडी मुठीचा, दीडशेचा. जगदेवनं तो उघडला, कानाशी धरून हलवला. पातं गप्प. उजेडात धरून पाहिला. पातं मुठीच्या मधोमध बसत होतं. मग पात्याची पाठ मांडीवर दाबून एका हातानं मिटवला. लोण्यासारखा मिटला.

"याले म्हंतेत चाकू!"

"चाचा, पातं धरनारी कमानी नरम हाय याची. पाठीवर जोर नका देऊ, बोट जाईल."

"चाळीस वर्सं झाले मले. तू कायले शिकवून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओळीतल्या वैभवीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "दीडशे रुपये. अन् गादी नाही." पहिले दहा डोळे झरझर बसले, साल सैल होती. अकराव्या खुंटाची साल चिकट निघाली. नेहमीप्रमाणे त्यानं पात्याची पाठ सालीखाली घातली आणि उचकटलं. कमानीनं मान टाकली, पातं मिटलं आणि त्याच्या पहिल्या बोटावर बसलं.

"काका!"

"काई झालं नाही. तू आपलं काम पाय."

अन्सारच्या सात पिढ्या उद्धरून झाल्यावर त्यानं खिशातून जुनी मूठ काढली. मोडक्या पात्याचं थोटूक अजून तिच्यात होतं. ते अंगठ्यानं मिटवून पाहिलं. हललं नाही. जोर लावला, तरी नाही. खिळीभोवती चीक आणि गंज यांचं काळं लुकण गच्च बसलेलं होतं. चाळीस वर्षं त्याच्या चाकूला लॉक होतंच. ते कंपनीनं बसवलं नव्हतं, न धुण्यानं बसलं होतं. मिटवताना मांडीवर द्यावा लागणारा जोर, ज्याला तो हाताची करामत म्हणत आला, तो त्या घाणीमुळे लागत होता.

त्यानं बोटाला कलमाची पट्टी गुंडाळली. सवयीनं मधे डोळ्याएवढी फट सोडली, आणि रक्त नेमकं तिथून आलं.

दुपारपर्यंत चार ओळीही झाल्या नाहीत. साल उचलायची वेळ आली की बोट मागं सरायचं. पोत्यातल्या काड्यांची पानदेठं सुकून गळायला लागली होती. शेवटी तो वैभवीच्या ओळीत जाऊन उभा राहिला.

"पोरी, तू साल उचल. डोये मी काढतो."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"दोघं मिळून करू म्हंता?"

"म्हंत नाही, सांगून राह्यलो. तुहे डोये भाकरीएवढे जाड निंगतेत. त्यातले अर्धे बी फुटाचे नाही."

तिनं आपला डोळा पाहिला, मग त्याच्या चाकूवरचा, नखासारखा पातळ. सरकून तिनं त्याला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी मावळतीला साठही ओळी संपल्या. गोविंदसिंगनं विचारलं, "कोनाच्या किती?"

"दोघायच्या," वैभवी म्हणाली. जगदेवनं दुसरीकडे पाहिलं.

मग त्यानं नव्या चाकूच्या मुठीचा सांधा पाण्यानं धुतला, धोतराला पुसला, चाकू मांडीवर टेकवून एका हातानं मिटवला आणि खिशात टाकला. वैभवी अजून दोन्ही हातांनी आपल्या चाकूशी झटत होती.

"काय झालं?"

"लॉक दबून नाही राह्यलं, काका. चीक गेला आत."

जगदेवनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चाकू धुवाची अक्कल नाही," तो म्हणाला, "अन् चालली डोये बांधाले."