रेडिओवरचा कंपाउंडर

आज विळीवर बोट कापलं म्हणून टिंक्चर लावलं आणि त्या वासाने रेडिओवरचा दवाखाना आठवला. दर गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर आणि त्याच्या वेंधळ्या कंपाउंडरची गंमत लागायची. वाडीत रेडिओ फक्त आमच्याकडे. मी माजघराच्या दारातून ऐकायचे. एकदा मला हसू आवरलं नाही, तर थोरली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "चौथी शिकलेल्या तुका काय कळता गो? जा, बांगडे साफ कर." तेव्हापासून ती दार लावून घ्यायची. सहा आठवड्यांत मालिका संपली. नेमकी तेव्हा आमच्या रेडिओची बॅटरी चार्जिंगला मालवणात अडकली होती आणि मीही तिथेच मावशीकडे होते. शेवटचा भाग मी अगदी तिच्या रेडिओसमोर बसून ऐकला. घरी परतताच जावेने विचारलं, "शेवटाक काय झाला गो?" कंपाउंडरचं नर्सशी लग्न लागलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "तो मेलो, वयनी. चुकीचा औषध प्यालो." "गे बाय माझे!" म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. ती त्या रात्री जेवली नाही. पुढे तीस वर्षं आम्ही एकाच चुलीवर रांधलं. खरं सांगायला रोज सवड होती. मी सांगितलं नाही, आणि आज ती असती तरी सांगितलं नसतं.