पाण्याला सोडलेली जागा

गडचिरोलीत धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, वस्ती वाढू लागली, तेव्हा पुराच्या आराखड्यासाठी मी मोजणीवाल्या भाऊंसोबत फिरलो. टेप उलगडण्याआधी ते जवळच्या एखाद्या म्हातारीला विचारत, "बाई, पानी कोनीकडून जाते?" ती दाखवेल तिथे चुन्याची रेघ ओढत.

एकदा रेघ एका रिकाम्या प्लॉटमधून जाऊ लागली. भाऊ क्षणभर थबकले, मग ओढत पुढे गेले.

"प्लॉट कोणाचा?" मी विचारलं.

"माहाच हाय. घर बांधाचं होतं. पन पानी अडवलं, तं समोरच्या लोकाइच्या घरात घुसन."

आराखड्यात तिथे नाला राहिला. भाऊ अजून भाड्याने राहतात. यंदा मुसळधार पावसात मी मुद्दाम गेलो. पाणी त्या प्लॉटमधून सरळ वाहत होतं, समोरच्या घरांत लोक जेवत होते. भाऊंसोबत मोजणी केली, हे मी आता कोणी न विचारताही सांगतो.